आखाजीच्या ताटापुरतं वाळवण: फ्लॅटमध्ये, किलोभराच्या मापात

गच्चीची_किल्ली (नाशिकरोड)

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) नैवेद्याला कुरडई आणि पापड घरचे हवेत, एवढीच अपेक्षा आहे. घरात माणसं चार, त्यातली दोन दहावी-बारावीची. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, पूर्वेची बाल्कनी, सोसायटीची गच्ची मागितली तर मिळते.

आईच्या वहीत प्रमाण असं आहे: 'गहू २ पायल्या, उडीद १ पायली, पापडखार चार आण्याचा, मिरी मूठभर, हिंग अंदाजे.' यातलं काहीच आज तसं वापरता येत नाही. जाणकारांनी कृपया सांगा:

१. किलोभर गव्हाचं प्रमाण आणि दिवसांचा हिशोब काय?
२. मिक्सरवर चीक (भिजवून वाटलेल्या गव्हाचं दूध) निघतो का?
३. उडदाचे पापड घरी करण्यात आता अर्थ आहे का?
४. कबुतरांचं काय करायचं?

'विकत आणा' हे उत्तर माहीत आहे, ते नको.

---

तांब्याचा_बंब (पंचवटी)

आधी वहीचं बघू. पायली म्हणजे चार शेर. पण शेर दोन. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम. मापी शेर वेगळा आणि तोही गावागणिक बदलणारा. शिवाय पायलीभर गहू आणि पायलीभर उडदाची डाळ यांचं वजन सारखं भरत नाही. तेव्हा पायलीचे किलो करायच्या फंदात पडू नका. चार आण्याचा पापडखार तर विसराच, तो त्या वर्षीचा भाव आहे, माप नाही. दशमान नाणी १९५७ साली आली तरी वह्यांत पुढे कितीतरी वर्षं आणेच लिहिले जात. वहीतून घ्यायचं ते एकच: गहू उडदाच्या दुप्पट. म्हणजे एका घरात कुरडया जास्त लागत आणि पापड कमी, एवढं कळतं. चार माणसांना १ किलो गहू आणि अर्धा किलो उडदाचं पीठ वर्षभर पुरून उरेल.

---

चाटू_आणि_परात (सटाणा, सध्या इंदिरानगर)

कुरडयांचं सविस्तर लिहिते.

१ किलो गहू निवडून, तीन-चार पाण्यांनी धुऊन, बुडून वर चार बोटं पाणी राहील असे भिजत घाला. तीन दिवस भिजवायचे. एप्रिलच्या उकाड्यात पाणी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा बदलायचं. जुन्या माणसांचं एकदा बदललेलं चालायचं कारण ते पाणी रांजणातलं गार असे आणि पातेलं माजघरात असे. फ्लॅटच्या ओट्यावर एक वेळ चुकली की दुसऱ्याच दिवशी उग्र वास सुटतो आणि तो वास तळलेल्या कुरडईतही राहतो. थोडा आंबूस वास येणारच, तो चालतो. नाक मुरडावं लागलं तर मात्र चुकलं.

गहू तयार झाला का ते असं बघा: दाणा चिमटीत दाबला की पांढरं दूध फुटून बाहेर आलं पाहिजे आणि बोटांत नुसतं साल उरलं पाहिजे. मधे कडक कणी लागली तर अजून अर्धा दिवस थांबा. घाईने वाटलेल्या गव्हाचा चीक निम्माच निघतो, बाकीचा चोथ्यात जातो.

मिक्सरवर चीक उत्तम निघतो. भांडं अर्धंच भरायचं, पाणी सढळ घालायचं आणि थांबून थांबून फिरवायचं. सलग फिरवून गुळगुळीत वाटण केलं की कोंडाही बारीक होतो, कपड्यातून चिकात उतरतो आणि कुरडया लालसर-काळपट होतात. दाणा फक्त फुटायला हवा. वाटलेलं परातीत काढून हाताने कोळायचं, चाळणीतून गाळायचं, उरलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून कोळायचं, असं तीनदा. तिसऱ्या वेळचं पाणी जवळजवळ नितळ आलं म्हणजे झालं. मग सगळं दूध मलमलच्या फडक्यातून एकदा गाळून उंच पातेल्यात रात्रभर ठेवायचं. पातेलं हलवायचं नाही, जागाही बदलायची नाही.

सकाळी वरचं पिवळट पाणी अलगद ओतून टाका. खाली घट्ट पांढरा थर बसलेला असतो, त्याच्या वर एक पातळ करडी साय दिसते. पांढऱ्याशुभ्र कुरडया हव्या असतील तर ती सुरीच्या पाठीने खरवडून काढा. उरलेला चीक हाताने सारखा करून वाटीने मोजा. हे मोजणं चुकवू नका, कारण पाण्याचं सगळं गणित या वाटीवर आहे. १ वाटी घट्ट चिकाला १ वाटी पाणी. चीक अगदी दगडासारखा घट्ट बसला असेल तर सव्वा. यापलीकडे गेलात तर कुरडई प्लास्टिकला चिकटून बसते आणि वाळल्यावर चपटी होते.

---

चाटू_आणि_परात

मागचा प्रतिसाद लांबला म्हणून तोडला. आता शिजवणं, आणि सगळ्या चुका इथेच होतात.

जाड बुडाचं पातेलं, चीक आणि पाणी मिळून अर्ध्यापर्यंतच येईल एवढं मोठं. आधणात किलोभर गव्हाच्या चिकाला दोन चहाचे चमचे मीठ, पाव चमचा हिंग, चमचाभर तेल. मीठ चवीला कमी वाटलं तरी वाढवू नका, वाळून आकार घटतो आणि मीठ आहे तेवढंच राहतं. पाणी खळखळलं की गॅस मंद करून एकाने चिकाची बारीक धार धरायची आणि दुसऱ्याने चाटूने हाटत राहायचं. हे एका माणसाचं काम नाही. एकट्याने केलं की गुठळ्या होतात, आणि गुठळी सोऱ्याच्या भोकात अडकली की तार तुटते.

चीक आधी पांढरा, मग ठिगळाठिगळाने काचेसारखा आणि शेवटी सगळा एकसारखा चकचकीत होतो. किलोभराला बारा ते पंधरा मिनिटं धरा. ओलं बोट लावलं की बोटाला चिकटता कामा नये. मग पातेल्याखाली तवा सरकवून, झाकण ठेवून पाच-सात मिनिटं वाफ. ही वाफ टाळली तर चीक वरून शिजल्यासारखा दिसतो, कुरडयाही छान पडतात, पण दुसऱ्या दिवशी उचलताना चुरा हातात येतो. चुरा होणाऱ्या कुरडयांचं कारण दहातल्या नऊ वेळा कच्चा चीक हेच असतं, उन्हाला दोष देऊन उपयोग नाही.

चीक गरम असतानाच घालायचा. निवला की घट्ट होतो, दांडा दाबवत नाही. म्हणून सगळा एकदम शिजवू नका. दोन घाणे करा, पहिला घालून होईपर्यंत दुसऱ्याचं आधण ठेवा. उरलेला चीक पातेल्यात झाकून, खाली गरम पाण्याचं भांडं.

आणि हो, घाण्यातला वाटीभर चीक मुलांसाठी बाजूला काढा. गरम चिकावर तूप, किंवा कच्चं तेल आणि तिखट-मीठ. या एका वाटीसाठी दहावी-बारावीवालेही पहाटे उठतात.

---

निफाडचा_गारठा

गव्हाबद्दल थोडं. लोकवन सगळीकडे मिळतो आणि कुरडईला उत्तम. बन्सी गहू शेवयांना आणि रव्याला राजा, पण कुरडईला तो कडक पडतो, भिजायला जास्त वेळ घेतो आणि चीक किंचित पिवळसर येतो. आमच्या निफाडच्या कृषी संशोधन केंद्राचे दोन्ही तऱ्हेचे वाण आहेत: त्र्यंबक आणि तपोवन हे सरबती जातीचे, गोदावरी हा बन्सी. नावं तिन्ही आपल्याच मातीतली, पण कुरडईला पहिले दोन घ्या, गोदावरी शेवयांना ठेवा.

नवा गहू की जुना? मार्चमध्ये आलेल्या नव्या गव्हाला चीक चांगला निघतो. वर्षभर कोठीत पडलेला, औषध लावलेला गहू मात्र नको. आणि एवढी मेहनत करून रेशनचा फुटका गहू घालू नये, फुटलेला दाणा पहिल्याच दिवशी आंबतो.

---

दुपारचं_ऊन (सिडको)

चाटूताई, एक शंका. सोऱ्याची चकती कोणती? शेवेची बारीक लावली तर कुरडई नाजूक दिसते.

---

चाटू_आणि_परात

दिसते खरी, पण डब्यात अर्धी मोडते. मधली घ्या. फार जाड घेतली तर आतली तार ओली राहते आणि तळताना मधे कडक गाठ लागते. खांदे-मनगटं दुखत असतील तर दाबायचा सोऱ्या सोडा, फिरकीचा घ्या. पितळी हवा असेल तर भांडी बाजारात बघा, घेताना चकती घट्ट बसते का ते तिथेच तपासा. सैल चकतीच्या कडेने चीक वर चढतो.

आणि खाली बसून घालायचा हट्ट नको. डायनिंग टेबलवर प्लास्टिक अंथरून, उभं राहून घाला आणि मग ते प्लास्टिक दोघांनी चार कोपरे धरून उन्हात न्या. चाळिशी ओलांडलेल्या गुडघ्यांना हे जास्त मानवतं.

---

लाटीचा_दोरा (जुने नाशिक)

उडदाच्या पापडाचं मी सांगतो. (हो, पुरुषही लाटतात.)

उडदाच्या डाळीचं पीठ अर्धा किलो. पापडखार २० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, भरडलेली मिरी १२ ग्रॅम, हिंग ५ ग्रॅम, पाणी सुमारे २०० मिली. काटा वापरा, चमचे नको. पापडखार खारटच असतो, म्हणून मीठ त्याच्याबरोबरीने पुरतं. पाण्यात खार आणि मीठ घालून उकळा, पूर्ण गार करा आणि वरचं निवळ पाणीच घ्या. तळाचा गाळ पिठात गेला तर दाताखाली कचकच लागते. पाणी एकदम ओतू नका, पीठ जुनं-नवं असेल तसं दहा-वीस मिली कमीजास्त लागतं.

पीठ दगडासारखं घट्ट भिजवा. वाटतं यातून पापड लाटणं शक्यच नाही, तेवढं घट्ट. तीन-चार तास झाकून ठेवा आणि मग तेलाचा हात लावत कुटा. उखळ-मुसळ कुठून आणणार, जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरवंट्याने ठोका, पण फरशीवर नको, खालच्या मजल्यावरचे वर येतील. जाड पाटावर ठोका. ठोकायचं, ओढायचं, घडी घालायची, परत ठोकायचं. पिठाचा रंग फिका पडला आणि ओढल्यावर तुटण्याआधी तार आली की थांबा. कुटण्यात कसर केली तर पापड लाटताना कडेला चिरतो, भाजताना फुलत नाही.

लांब वळी करून दोऱ्याने कापा. सुरीने लाटी दबते. लाटी १२-१३ ग्रॅमची धरली तर अर्ध्या किलोत साठच्या आसपास पापड होतात. कापलेल्या लाट्या तेल लावून झाकलेल्या डब्यात, नाहीतर वरून सुकतात आणि पापडाला सुरकुत्या येतात.

वाळवायचे सावलीत. इथे बहुतेकजण चुकतात. कुरडई उन्हाची, उडदाचा पापड सावलीचा. कडक उन्हात टाकला तर अर्ध्या तासात द्रोण होतो आणि मग डब्यात बसवताना मोडतो. पंख्याखाली सुती कापडावर एक बाजू, मग दुसरी. शेवटी डब्यात भरण्याआधी कोवळ्या उन्हात दहा मिनिटं.

भाजल्यावर तांबूस डाग पडले तर खार जास्त झाला आहे. वर्षाच्या मधेच पापड लाल पडू लागले तर खार जास्त आणि वाळवण कमी, दोन्ही.

---

मिठाची_बरणी

लाटीदादा, प्रमाण बरोबर आहे, पण अर्ध्या किलो पिठात ४० ग्रॅम खार-मीठ मिळून जातं हे बीपीची गोळी चालू असलेल्यांनी ध्यानात ठेवावं. खार कमी करून चालत नाही, पापड फुलणारच नाही. मीठ निम्मं करता येतं. आणि ताटात एकच वाढावा, हे जास्त सोपं.

---

बाजेवरचं_धोतर (मालेगाव)

तिसऱ्या प्रश्नाला माझं मत. चार माणसांच्या घराने उडदाचे पापड घरी करू नयेत. पापड हे आळीचं काम आहे, सहा-सात पोळपाट एकदम लागले तर ते होतं. दोन माणसं लाटत बसली तर शेवटच्या लाट्या वाळून जातात आणि लाटणारे चिडून जातात. उडदाचे पापड बचत गटाकडून चांगले मिळतात, ते घ्या. कुरडई मात्र घरीच करा, कारण विकतच्या कुरडईत गव्हाचा चीक किती हे तळल्याशिवाय कळत नाही. शुद्ध चिकाची कुरडई तेलात पडताच पसरून पांढरी होते. मैदा मिसळलेली फुलते कमी आणि दाताला चिवट लागते.

घरचाच पापड ताटात हवा तर नागलीचा (नाचणीचा) करा. १ वाटी वस्त्रगाळ नागलीचं पीठ, १ वाटी पाणी, पाव चमचा पापडखार, मीठ, जिरं, तीळ. आधणात पीठ वैरून झाकण ठेवा, गॅस बंद करून दहा मिनिटं वाफ, मग गरम असतानाच तेल-पाण्याच्या हाताने मळा. पुरीच्या यंत्रात दोन प्लास्टिकमध्ये दाबला तरी चालतो, लाटायची गरज नाही. हा मात्र उन्हात वाळतो. कडा फाटल्या तर पीठ निवलं आहे, परत पाच मिनिटं वाफवा. पीठ चांगलं हवं तर पेठ-सुरगाण्याकडची नागली आणा, दळणाआधी धुऊन वाळवा. नागलीत माती बारीक असते आणि ती चाळणीला दाद देत नाही.

---

लाटीचा_दोरा

आळीचं काम हे मान्य. पण म्हणून तर अर्धा किलोच सांगितलं. साठ पापड दोन पोळपाटांवर दीड-दोन तासांत उरकतात. ज्याला ते जमत नाही त्याने नागली करावी, भांडण नाही.

---

दुपारचं_ऊन

कबुतरांवर कुणीच लिहिलं नाही. जुनी मच्छरदाणी उभी बांधा, वाळवणावर नुसती पसरू नका. पसरली की ओल्या कुरडयांना चिकटते आणि काढताना ताराच निघतात. चार खुर्च्या उलट्या ठेवून त्यांच्या पायांना बांधली तर मधे वीतभर पोकळी राहते, वाराही खेळतो. कबुतरं कुरडई फारशी खात नाहीत, पण त्यावर चालतात, आणि ते जास्त वाईट.

शेजारी बांधकाम चालू असेल तर गच्ची नको, सिमेंटची धूळ ओल्या चिकावर बसली की निघत नाही. पूर्वेच्या बाल्कनीत सकाळी नऊ ते साडेअकरा मिळतं तेवढं ऊन पहिल्या दिवशी पुरतं. दुसऱ्या दिवशी मात्र गच्ची लागतेच.

---

गच्चीची_किल्ली

सगळ्यांचे आभार. ठरवलं: गहू १ किलो, नागली अर्धा किलो, उडीद पुढच्या वर्षी. आणखी दोन प्रश्न. चीक तयार आणि नेमकं आभाळ आलं तर? आणि चोथ्याचं काय करायचं?

---

चाटू_आणि_परात

आभाळ आलं तर शिजवूच नका. चिकावर गार पाणी घालून पातेलं फ्रिजमध्ये, बारा तासांनी वरचं पाणी बदला. एक दिवस निभावतं, दुसऱ्या दिवशी चव उतरते. एप्रिलमध्ये आपल्याकडे अवकाळी दुपारनंतर येतो, म्हणून भिजत घालायच्या आधीच चार दिवसांचा अंदाज बघून ठेवा. शिजवलेला चीक मात्र थांबत नाही. घातलेल्या कुरडया भिजायच्या बेतात असतील तर प्लास्टिकसकट घरात, पंखा पूर्ण वेगात.

चोथ्यात तिखट, मीठ, जिरं, लसूण आणि मूठभर ज्वारीचं पीठ घालून भुसवड्या घाला. बोटाने चपट्या थापा, गोळे राहिले तर आत बुरशी धरते.

मोडक्या कुरडयाही टाकू नका. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजवून, निथळून, भरपूर कांद्यावर फोडणीला घाला. पावसाळ्यात भाजी महाग झाली की याच कामाला येतात.

---

दुपारचं_ऊन

कुरडई उलटायची कधी?

---

बाजेवरचं_धोतर

पहिल्या दिवशी संध्याकाळी, आपणहून सुटली तरच. ओढून काढायची नाही. सुटत नसेल तर रात्रभर तशीच घरात ठेवा, सकाळी सुटते. मग उलटून दोन दिवस कडक ऊन. मोडल्यावर कट्ट आवाज आला आणि मोडलेल्या जागी आतबाहेर एकच रंग दिसला की वाळली. डब्यात गरम गरम भरू नका, निवू द्या, नाहीतर झाकणाला आतून वाफ धरते. किलोभर गव्हाच्या कुरडया वाळून अर्ध्या किलोच्या आसपास भरतात, पण जागा खातात, मोठाच डबा काढा. श्रावण संपला की एकदा परत ऊन दाखवा.

दिवसांचा हिशोब: भिजवण्याचे तीन, वाटून निवळायला ठेवण्याचा एक, घालण्याचा एक, वाळण्याचे आणखी दोन. आखाजीच्या आधी दहा दिवस धरा, म्हणजे आभाळाचे तीन हाताशी राहतात.

---

तांब्याचा_बंब

आखाजीचं निघालंच आहे तर: घागर आदल्या दिवशी आणून रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा. कोरी घागर पूजेला मांडली की पाणी पीत राहते, वरचं डांगर (खरबूज) आणि आंबा मांडून होईपर्यंत खाली पाट ओला होतो. सांजोऱ्या, पुरण, रस सगळं आधी. कुरडया शेवटी तळा, आगारी (पितरांच्या नावाने विस्तवावर घास) टाकायच्या अगदी आधी. तेल कडकडीत तापवून मग मध्यम आच. तुकडा टाकून बघा, पडताच फुलून वर आला की बरोबर. तळाशी दोन क्षण थांबला तर तेल कमी तापलंय, ती कुरडई तेल पिते. एका वेळी एकच, झाऱ्याने दाबून, आठ-दहा सेकंदात बाहेर.